नगरच्या किल्ल्यांतील साक्षीदार

आमचें वास्तव्य पुणतांब्यास. घरीं पाहुणे आले कीं पहिल्या दिवशीं त्यांस गोदावरीचा घाट व चांगदेवांची समाधि दाखवावयाची आणि दुसऱ्या दिवशीं आगगाडीनें नगरास नेऊन तेथील किल्ला दाखवावयाचा, असा आमच्याकडील परिपाठच पडून गेला आहे. (नगराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, पण जुन्या जिभेस जुनें वळण सुटत नाहीं, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.) गेल्या खेपेस आमच्या समवेत नुकताच पदवीधर झालेला आमचा एक भाचा आणि सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले एक वडीलधारे स्नेही होते. पुढाऱ्यांच्या बंदिवासाच्या खोल्या पाहून आम्ही बाहेर पडतों तोंच भाचा म्हणाला, “मामा, या खोल्या तेवढ्या जतन कराव्या. इंग्रजांच्या तोफा नि स्मारकशिला कशाला हव्यात? वितळवण्यासारखें तें वितळवावें, फोडण्यासारखें तें फोडावें!” त्यावर स्नेही उसळून म्हणाले, “अहो, चार दिवसांत हा किल्ला घेणारी ती शिस्त! त्यांच्या खुणांना तरी नमस्कार करा.”

त्या वेळीं आम्ही गप्प बसलों. परंतु हीं दोन्ही मतें आज सुशिक्षित घरांतून इतकीं बोकाळलीं आहेत कीं त्यांचा समाचार घेणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

प्रथम भाच्याचें मत घेऊं. परक्यांची खूण तेवढी पुसावयाची, असें एकदां ठरलें कीं हातास थांबवावयाचें कोठें? हा दगडी तट हुसेन निजामशहानें सोळाव्या शतकांत उभारला. १५९५-९६ च्या वेढ्यांत मोगली सुरुंगानें पडलेलें खिंडार चांदबिबीनें रातोरात बुजविलें, आणि १६०० सालीं तिचा प्राण घेतला तो तिच्याच माणसांनीं. १७५९ सालीं पेशव्यांनीं किल्ला मिळविला तो तलवारीनें नव्हे, तर किल्लेदारास द्रव्य चारून. १७९७ सालीं तो शिंद्यांकडे गेला, आणि त्याच सुमारास नाना फडणवीस येथें कैदी म्हणून आले. नानांस येथें कोंडणारा इंग्रज नव्हता. ते दौलतराव शिंद्यांचे बंदिवान होते! इंग्रजांच्या तोफा वितळविणाऱ्यानें या गोष्टींचें काय करावें? त्या कोणत्या भट्टींत घालाव्या?

आतां स्नेह्यांची शिस्त. ८ ऑगस्ट १८०३ रोजीं जनरल वेलस्लीनें शिड्या लावून नगरची पेठ घेतली, १० तारखेस किल्ल्यावर तोफा डागल्या आणि १२ तारखेस किल्लेदारानें किल्ला खालीं केला, हें खरें. इंग्रजांच्या छावणींत असलेल्या गोखले नांवाच्या मराठा सरदारानें, हे लोक सकाळीं येतात, भिंत ओलांडून पेठ घेतात आणि न्याहारीस परत जातात, अशा आशयाचें आश्चर्य पत्रांतून व्यक्त केलें, हेंही प्रसिद्ध आहे. पण आमच्या स्नेह्यांना त्या पत्रांतील न्याहारी दिसली. पत्र लिहिणारा कोणत्या छावणींत बसून लिहीत होता, हें दिसलें नाहीं! ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस दुसऱ्या बाजीरावानें तह केला, तेव्हांच या तटास पहिलें भगदाड पडलें होतें. सुमारें सात महिन्यांनीं वेलस्लीची शिडी लागली, त्या वेळीं पेशव्यांचे सरदार तिच्या बाजूस उभे होते. शिस्तीस मान द्यावा. परंतु आमची फूट तिच्या हिशेबांत जमा धरूं नये.

तोफ ठेवणें म्हणजे तिचा गौरव करणें, असा भाच्याचा आक्षेप आहे. त्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. भर चौकांतील उंच चौथऱ्यावर राज्यकर्त्याचा पुतळा असणें, हा मान खराच. म्हणूनच मुंबईतील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालीं चौकांतून काढून भायखळ्याच्या उद्यानांत नेला, याबद्दल आम्हांस तिळमात्र खेद नाहीं. पण तो फोडला नाहीं, हलविला, हें शहाणपण लक्षांत घ्यावें. चौथरा मान देतो. संग्रहालय जबानी घेतें. तेथें आणलेली वस्तु ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यांतील आहे, आणि उलटतपासणी होण्यापूर्वीं साक्षीदारास मारून टाकण्याची घाई बहुधा दोषी पक्षासच असते.

शिवाय ज्या खोल्यांपुढें भाच्यानें जोडे काढले, त्यांचा अर्थ या तोफांवांचून लागावयाचा कसा? ९ ऑगस्ट १९४२ रोजीं पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे पुढारी येथें आणले गेले. त्यांत पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव होते, आपले शंकरराव देवही होते. १९४४ सालीं नेहरूंनीं भारताच्या शोधावरील आपला ग्रंथ येथें लिहिला. १९४३ सालीं मौलानांच्या पत्नी कलकत्त्यास वारल्या. त्यांची अखेरची भेट या तटांनीं होऊं दिली नाहीं. ज्या तटांआड १८०३ सालीं चार दिवस टिकाव लागला नाहीं, त्याच तटांआड १९४२ नंतर जवळजवळ तीन वर्षें निःशस्त्र माणसें वाकलीं नाहींत, हा या किल्ल्याचा खरा इतिहास होय. त्यांतील पूर्वार्ध फाडला तर उत्तरार्ध ही नुसती तसबिरींची रांग उरते.

आणि जेथें वस्तूची हकीकत सांगणारें कोणी नसतें, तेथें काय होतें याचें उदाहरण नगरच्या वेशीबाहेर डोंगरावर उभेंच आहे. सलाबतखानाच्या कबरीस सारा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतो! सहलीस गेलेलीं आमचीं मुलें तेंच ऐकून येतात, आणि आम्ही घरचीं शिकलेलीं माणसें तें दुरुस्त करीत नाहीं.

म्हणून आमचें मागणें दुहेरी आहे. आपल्या किल्ल्यांतील परकी अमदानीची एकही वस्तु फेकूं नये. आणि एकही वस्तु शुद्ध मराठींतील सविस्तर पाटीवांचून ठेवूं नये. त्या पाटीवर जिंकणाऱ्याचें नांव असावें, तसेंच फितलेल्याचें व न फितलेल्याचेंही असावें.

चांगदेवांनीं ज्ञानेश्वरांस कोरें पत्र धाडलें तेव्हां मुक्ताबाई म्हणाल्या कीं चौदाशें वर्षें जगूनही हा कोरा तो कोराच राहिला, अशी कथा आहे. आमच्या गांवीं ती सर्वांस पाठ आहे. चांगदेवांचें भाग्य थोर कीं त्या कोऱ्या पत्रास पासष्ट ओव्यांचें उत्तर आलें. आपण आपलीं पत्रें स्वतः पुसून कोरीं केलीं, तर त्यांस उत्तर देण्यास कोणी ज्ञानेश्वर यावयाचे नाहींत.