ओसरीवरचे शिष्य

पोथी एकट्याने, दार लावून वाचायची आपल्याकडे फारशी रीत नाही. चिखलीसारख्या गावात तर नाहीच. शेगाव आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाचे पारायण घरोघर होते. चार बायका मिळून एकवीस अध्याय वाचतात. एकीचा घसा बसला की दुसरी पुढे ओढते. वर्षावास लागला की विहारात बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ रोज थोडा थोडा वाचला जातो आणि वावरातून परतलेली माणसे हातपाय धुऊन ऐकायला बसतात. मोहल्ल्यात कुराणाचा दर्स चालतो. मग गावातल्या पाच-सहा ख्रिस्ती घरांतली माणसे आठवड्यातून एका संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर बायबल उघडून बसली, तर त्यात नवल ते काय? नवल असेलच तर एवढेच, की ही बैठक वाचून संपवण्यासाठी बसत नाही. वाचता वाचता ती मध्येच थांबते आणि तिथल्या प्रत्येकाला विचारते, “हे वाचलेस. आता तुझे काय?”

प्रश्न साधा दिसतो, पण दहा जणांसमोर त्याचे खरे उत्तर देणे भल्याभल्यांना जमत नाही. मग तो विचारायचाच कशाला? रविवारची उपासना आहे, पाळकांचे प्रवचन आहे, नाताळ-ईस्टर आहेत. तेवढे पुरत नाही काय?

आधी ‘शिष्य’ या शब्दाचेच पाहू. मराठी बायबलात येशूच्या मागे गेलेल्यांना हेच नाव आहे. मराठी कानाला तो ऐकताच गुरूच्या पायाशी हात जोडून बसलेला, तोंडातून ब्र न काढणारा माणूस दिसतो. मूळ ग्रीक शब्द आहे ‘माथेतेस’, म्हणजे शिकणारा. आणि शुभवर्तमानांतले हे शिकणारे मोठे गमतीचे आहेत. दाखला कळला नाही की ते मागाहून अर्थ विचारतात. आपल्यात मोठा कोण यावरून वाटेत वाद घालतात. पेत्र तर गुरूलाच बाजूला घेऊन चार शब्द सुनावू पाहतो आणि त्याची चांगली खरडपट्टी निघते. प्रवचन ऐकायला लोकांच्या झुंडी येत होत्या हे खरे. पण चुकायची, विचारायची आणि पुन्हा चुकायची जागा त्या लहानशा मेळ्यालाच मिळाली होती.

रविवारी ती जागा नसते. यात पाळकांचा दोष नाही. लहान गावांत एकाच पाळकाकडे दोन-तीन मंडळ्या असतात. उपासना आटोपून त्यांना पुढचे गाव गाठायचे असते. शिवाय प्रवचनाला मध्येच हात वर करून “हे मला पटत नाही” असे कोण म्हणेल? आपण ऐकतो, शेवटचे गीत म्हणतो, बाहेर येऊन चपला शोधतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत अर्धे विसरतो.

वऱ्हाडात या गोष्टीला इतिहासही आहे. वऱ्हाड-खानदेशातल्या बऱ्याच मंडळ्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. अकोला हे त्यांचे जुने ठाणे. मार्कस आणि जेनी फुलर हे दांपत्य तिथे होते; हिंदुस्थानी स्त्रियांच्या दुःखांवर जेनीबाईंनी लिहिलेले पुस्तक १९०० साली निघाले. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात या मिशनने अनाथ पोरांना आसरा दिला. पुढे त्यांच्यातून शिक्षक, परिचारिका, कंपाउंडर, पाळक तयार झाले. उपकार मोठे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण मिशनच्या आवारात घंटा वाजली की उठायचे, घंटा वाजली की प्रार्थनेला जायचे, आणि श्रद्धा साहेब सांगतील ती, अशी सवयही त्याबरोबर आली. साहेब गेले, घंटा थांबली. ऐकण्याची सवय मात्र राहिली. आजोबांच्या पुण्याईवर नातू ख्रिस्ती म्हणवतो, पण तू ख्रिस्ती का, असे कॉलेजातल्या मित्राने विचारले की तो गडबडतो. त्याला तो प्रश्न घरात कुणी कधी विचारलेलाच नसतो.

हा प्रश्न लहान मेळ्यात कसा शिरला, याची एक जुनी हकीकत भिशी लावणाऱ्या आपल्या बायकांना चटकन समजेल. १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टल येथे जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे ठरले. बारा-बारा जणांचा गट केला. एकाने दर आठवड्याला घरोघर फिरून वर्गणी गोळा करायची. वर्गणीसाठी फिरता फिरता या गटप्रमुखांना दिसू लागले, की कोण दारू पिऊन पडला आहे, कुणाच्या घरी चूल नाही, कोण बायकोशी भांडतो. प्रवचनाला हीच माणसे मान डोलावत बसत! वेस्लींनी ते हेरले आणि वसुलीच्या गटांचे विचारपुशीचे गट झाले. बारा जणांत माणूस लपू शकत नाही. आपल्याकडच्या बचत गटातही वीसच्या वर बायका घेत नाहीत. हप्ता चुकला तर का चुकला, हे सगळ्यांना कळावे इतकाच तो मेळा असतो.

आता समजा, चिखलीतल्या एका ओसरीवर आठ-दहा जण बसले आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय चालू आहे. भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा पुरे का, असे पेत्र विचारतो. उत्तरादाखल येशू कर्जबाजारी चाकराची गोष्ट सांगतो. धन्याने त्या चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज माफ केले. बाहेर पडताच त्याने आपल्या सोबत्याचा शंभर दीनारांसाठी गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकले.

रविवारी हे वाचले तर ‘क्षमा करावी’ एवढे हाती लागते. ओसरीवर कुणीतरी विचारतो, तालांत म्हणजे किती? मग हिशेब निघतो. एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. ते मत्तयाच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या गोष्टीत कळते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! वर्षाला तीनशे दिवस काम मिळाले तरी फेडायला दोन लाख वर्षे. आणि सोबत्याचे देणे किती? शंभर दिवसांचा रोज. चार महिन्यांची मजुरी.

सोयाबीन-कापसाच्या मुलखात कर्ज काय असते, हे कुणाला शिकवावे लागत नाही. सोसायटीचे थकलेले, सावकाराचे तोंडी, दुकानदाराच्या वहीतले, अशी सगळी कर्जे त्या ओसरीवर बसलेली असतात. म्हणून कुणी म्हणतो, “चार महिन्यांचा रोज काही थोडा नाही, दादा. त्याचंही खरं होतं.” हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. दुसऱ्याने आपले केलेले नुकसान खोटे नसते. ते शंभर दिनारांचे असतेच, आणि क्षमा करायची म्हणजे तेवढे सोसायचे. प्रवचनात ही कळ सहसा झाकली जाते. एक म्हातारा, वाचता न येणारा, आतापर्यंत नुसता ऐकत असलेला, म्हणतो, “मले त एवढंच समजलं का त्यानं माफी घेतली, पण घरी नेली नाही.” यावर पाळकांनाही पुढे काही बोलावे लागू नये.

आणि मग कोपऱ्यात बसलेला एक जण सांगतो, की बांधावरून त्याचे थोरल्या भावाशी बोलणे बंद आहे. दोन तासांचा रस्ता, आणि सहा वर्षे तोंड पाहिलेले नाही.

शिष्य म्हणून वाढणे ज्याला म्हणतात, ते इथे सुरू होते. त्याला अभ्यास लागतो, पण पदवी लागत नाही. उताऱ्यात काय म्हटले आहे, त्याचा अर्थ काय, आणि मी काय करणार, एवढे तीन प्रश्न पुरतात. पहिल्या दोहोंसाठी टिपणाचे पुस्तक मिळते. तिसऱ्यासाठी माणसेच लागतात, जी पुढच्या आठवड्यात “मग, गेला होता का?” असे विचारतील.

अशा बैठकी बिघडतातही, आणि त्या नेमक्या कुठे बिघडतात हे सांगितले पाहिजे. पहिली वाट चहाची. एका घरी बिस्किटे, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी शिरा आणि भजी. चौथे घर गरिबाचे असते, ते “आमच्याकडे पुढं कधीतरी” म्हणते आणि हळूहळू यायचेच थांबते. फक्त चहा, असा नियम कडक ठेवावा. तोही आधी द्यावा. कारण ऐन प्रश्नाच्या वेळी घरची बाई आत आधण ठेवत असते, आणि तिचे मत कुणाला कधी कळत नाही. प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने अपुल्लोसारख्या गाढ्या वक्त्याला आपल्याकडे नेऊन नीट समजावले, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. आणि तिथे बाईचे नाव आधी घेतले आहे. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात बायबलचे भाषांतर करीत बसल्या, ते कमी शिकलेल्या बायकांना वाचून कळावे म्हणून. १९२२ साली त्या गेल्या. मुक्ती मिशनच्या छापखान्यातून सबंध बायबल १९२४ साली बाहेर पडले. त्या पुस्तकाची वाचक स्वयंपाकघरात अडकून पडावी, हे काही बरे नाही.

दुसरी वाट प्रार्थनेच्या नावाखाली चहाडीची. “अमकीसाठी प्रार्थना करू या, तिच्या घरी काय चाललंय तुम्हाला माहीतच आहे” असे म्हटले, की ज्यांना माहीत नसते त्यांनाही कळते. तिसरी वाट एकट्याने बोलण्याची. एखादे निवृत्त गुरुजी बोलू लागले की घड्याळ थांबते. दोन वर्षांत त्यांचे महाराज होतात. बिरुयाचे लोक पौलाने सांगितलेलेसुद्धा शास्त्रात तपासून पाहत, आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणी झाली आहे. म्हणून बैठक चालवणारा दर महिन्याला बदलावा; गुरुजींनी रागावू नये.

चौथी गोष्ट बोलायला जड आहे. ख्रिस्ती झाल्यावर जात गेली, असे आपण म्हणतो. बैठक कुणाकुणाच्या घरी भरली आणि कुणाच्या घरी कधीच भरली नाही, याची एक वही ठेवली तर खरे काय ते कळेल. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण इथे आठवते. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला, ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले आणि १८९५ साली मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना पुढे पाच वर्षे लागली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, की त्यांच्या मनातला विटाळ आधी गेला, कुणाच्याही हातचे खाणेपिणे आधी आले, आणि बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली झाला. पुष्कळांच्या बाबतीत क्रम उलटा असतो, आणि दुसरी पायरी राहूनच जाते.

अलीकडे घरात चार माणसे बायबल घेऊन बसली की बाहेर कुजबुज होते. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने दिलेला हक्क आहे, त्याची लाज वाटायचे कारण नाही. पण ओसरीचे दार उघडे ठेवावे, हे उत्तम. शेजारच्या काकूंना गीत ऐकू जाऊ द्या. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ साली टिळक वारले आणि तो बेत अर्धाच राहिला. कुणाला आत ओढायचे नाही आणि कुणाला बाहेर ठेवायचे नाही, ही त्यातली दृष्टी चिखलीच्या ओसरीला आजही मानवेल.

बांधाच्या भांडणाचे मात्र अजून सांगायचे राहिले. समजा, पुढच्या आठवड्यात बैठक भरली. गीत झाले. उतारा उघडण्याआधी कुणीतरी हळूच विचारले, “मग, गेला होता का?” तो म्हणाला, “नाही.” कुणी उपदेश केला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारले. तो म्हणाला, “फोन लावला होता. वहिनीनं उचलला. मी ठेवून दिला.” म्हाताऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, “लावला त खरा.” मग त्यांनी एकोणिसावा अध्याय उघडला.