खड्डा तोच, नजर वेगळी

वाशीम-अकोला रेल्वेमार्गावरच्या जऊळक्यात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती, मग मुरूम आणि शेवटी पहारीला दाद न देणारा काळा पाषाण लागतो. हा सारा मुलूखच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अशा मुलखात 1.8 किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा आणि त्याच्या तळाशी खारे पाणी दिसले, तर जाणकार माणूस ज्वालामुखीच म्हणणार. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचे तेच झाले. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने 1823 मध्ये त्याची नोंद केली आणि पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे बहुतेक भूशास्त्रज्ञांनी हे विवर ज्वालामुखीच्या खात्यावर जमा केले. त्यांचे डोळे अधू नव्हते. काठाची उंचावलेली कड त्यांनाही दिसत होतीच. पण डोळा नुसता पाहत नाही. मनात आधीपासून असलेल्या चित्राशी तो समोरचे ताडून पाहतो. म्हणूनच ज्ञानाच्या कामात कल्पना ही आगंतुक पाहुणी नसून घरचीच असते, असे मला वाटते.

अमेरिकी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने 1896 मध्ये, तर्क सुचतात कसे, याच विषयावर निबंध लिहिला. नवा तर्क साम्यावरून सुचतो, हे त्याचे म्हणणे. उदाहरण होते ॲरिझोनातल्या विवराचे, आणि तुलनेला त्याने घेतले आपले लोणार! गंमत अशी की ॲरिझोनातल्या विवराबाबत उल्केची शक्यता त्याला सुचली होती, ती त्याने तपासूनही पाहिली. उल्का पडली असेल तर लोखंडाचा प्रचंड गोळा खाली गाडलेला असणार, असे धरून त्याने चुंबकीय मोजणी केली. गोळा सापडला नाही, म्हणून त्याने निकाल वाफेच्या स्फोटाच्या बाजूने दिला. प्रचंड वेगाने आदळणारी उल्का स्वतःच फुटून, वितळून, वाफ होऊन जाते, हे चित्र त्याच्यापाशी नव्हते. मोजमापात चूक नव्हती, कल्पना तोकडी पडली.

लोणारकरांनी हाच खड्डा वेगळ्या नजरेने पाहिला. जमिनीखाली दडलेला लवणासुर, त्याच्या बिळावरचे झाकण उडवणारा विष्णू, आणि खारे पाणी म्हणजे त्या असुराचे रक्त. दैत्यसूदनाच्या, म्हणजे विष्णूच्याच, मंदिराच्या छतावर शिल्पकारांनी हा वध कोरला आहे. कथा अद्भुत असली तरी निरीक्षण पक्के आहे: खड्डा गोल, झाकण काढल्यासारखा, आणि पाणी खारे. त्या खाऱ्या पाण्यातून निघणाऱ्या क्षारांना इथल्या लोकांनी डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी निरनिराळी नावे दिली. ज्याला त्या क्षारांचा धंदा करायचा, त्याला त्यांतला फरक दिसतो.

मग पुराण आणि विज्ञान सारखेच का, असे कुणी विचारील. मुळीच नाही. चूक ठरण्याची सोय लवणासुराच्या कथेत नाही, आणि कलेला तिची गरजही नाही. ज्वालामुखीच्या तर्काला मात्र ती सोय होती. चंद्रावरच्या विवरांकडे जगाचे लक्ष लागलेल्या काळात, 1964 मध्ये, लाफाँ आणि डिट्झ यांनी लोणारबाबत उल्केचा प्रश्न मांडला. 1973 मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी इथल्या खडकात मॅस्केलिनाइट दाखवले. प्रचंड आघाताच्या दाबाने फेल्डस्पार या खनिजाची काच होते, ती ही. ज्वालामुखीच्या तापाने ती होत नाही. आधी कल्पना सुचली आणि मग पुरावा सापडला, हा क्रम विसरू नये. विवराचे वय मात्र अजून वादात आहे: एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षे, दुसरीने सुमारे 5.7 लाख.

वाशीमच्या शाळांनी लोणारची सहल काढावी. मात्र काठावर पोचताच ‘हे उल्केने झाले’ असे सांगून मोकळे होऊ नये. हे कशाने झाले असेल, हे आधी मुलांना विचारावे, आणि दीडशे वर्षांची ती चूकही त्यांना सांगावी.