रिकाम्या गोठ्यात कारखाना घाला

कापूस-ज्वारीच्या मुलखात सगळ्यांत भक्कम आणि सगळ्यांत निकामी वास्तू कोणती, तर दगडी गोठा. आजोबा-पणजोबांनी काळा दगड गाडीने वाहून आणला, पांढऱ्या मातीत हात-दीड हात रुंदीच्या भिंती घातल्या, वर सागाच्या नाहीतर बाभळीच्या लाकडांवर माळवद टाकले. दावणीला दोन-तीन बैलजोड्या होत्या. आज एखादी असली तर असली. मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. बैल पोसणे परवडत नाही आणि म्हातारा झाला तर विकताही येत नाही. २०१५ च्या कायद्याने हत्याबंदी बैलांनाही लागू झाली आणि भाकड बैलाचा बाजार सरकारने बसवला. दावण रिकामी झाली ती हौसेने नव्हे.

आता तिथे काय आहे? मोडकी तिफण, फुटके चाडे, कडबा, आणि भावाची वाट पाहत पडलेला कापूस.

१९९१ मध्ये शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला. त्यातली एक माजघर शेती: पिकले ते तसेच बाजारात न ओतता घरीच त्यावर प्रक्रिया करायची. माजघरात जागा नसते, गोठ्यात आहे. तिथे घरचा कारखाना घालावा, असे आमचे म्हणणे आहे. 'कारखाना' शब्दाला बिचकू नये. एक ऐरण, एक शेगडा, एक ग्राइंडर आणि एक छोटे वेल्डिंग मशीन, एवढ्याने सुरुवात होते.

डाळ मिल का नको, असे काही कार्यकर्ते विचारतात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल चांगली आहे, कापसातली तूर घरी भरडली तर दोन पैसे अधिक मिळतात, हे खरे. पण पहिले पाऊल औजारांचे असावे. मृगाचा पाऊस पडतो, वापसा येतो, आणि नेमका पेरणीयंत्राचा फण वाकतो किंवा वखराची पास तुटते. गावातला लोहार बलुतेदारीबरोबर गेला. मग तालुक्याला जायचे, वेल्डिंगवाल्याच्या दारात रांगेत बसायचे, संध्याकाळी परत यायचे. रात्री पाऊस झाला तर पेरणी आणखी लांबते. वेल्डिंगचे पैसे आपल्या लक्षात राहतात. गेलेला दिवस आपणही खर्चात धरत नाही. शिवाय डाळ मिलचा प्रकल्प म्हटला की अनुदान आले, अनुदान म्हटले की दलाल आला. ऐरणीला प्रकल्प अहवाल लागत नाही.

पण ऐरण आणण्याआधी भिंत पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती बहुतेक अशाच दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली. आपली भिंत एक दिसते, पण ती दोन असतात. बाहेरून एक दगडी तोंड, आतून दुसरे, मध्ये कपच्या आणि माती. दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार जोडदगड नसले की भिंत पोट काढते आणि हादऱ्याला उसवते. जिथे पोट सुटले आहे तो भाग उतरवून नव्याने घालावा, दर दोन फूट उंचीला आणि आडवे चार फुटांवर जोडदगड ठेवून. बाकी भिंत बरी असेल तर तीन-चार फुटांवर हलक्या हाताने आरपार भोक पाडून त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवावी आणि काँक्रीट भरावे. त्यासाठी घण घालू नये, दगड हलवून सैल करून काढावा. माळवदावर वर्षानुवर्षे थर चढून एकदीड फूट माती झालेली असते. ती वीतभर ठेवावी. सगळी उतरवून पत्रे टाकायचे तर ते लाकडी चौकटीला बोल्टने बांधावेत, नुसते दगड ठेवून भागत नाही. उजेडासाठी खिडकी पाडाल तर कोपऱ्यापासून लांब.

जमिनीचेही तसेच. पन्नास वर्षे मुतारा मुरलेल्या जमिनीची खारी ओल भिंतीत चढते, लोणा लागतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आतच कोंडते. फूटभर माती खणून शेतात टाका, खतच आहे. तिथे मुरूम दाबा. ओल्या जमिनीवर उभे राहून वेल्डिंग करणे म्हणजे मरणाला बोलावणे आहे. अर्थिंग आणि गळती-ब्रेकर यांत काटकसर नको. दगडी गव्हाण मात्र मोडू नका. शेगडा बसवायला तिच्याइतके पक्के टेबल विकत मिळणार नाही.

आणि कापूस, कडबा आधी बाहेर. ग्राइंडरची ठिणगी कापसात पडली तर वरून दिसत नाही, आत धुमसत राहते. दोन्ही एका छपराखाली ठेवायचेच नाहीत, मधे फळ्यांचा आडोसा करून सुद्धा नाही.

राहिला कागद. शेतीपंपाच्या जोडणीवर वेल्डिंग मशीन चालवू नका. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी २०२४ मध्ये मोफत विजेची योजना आल्यापासून हा मोह वाढला आहे. जोडणी ज्या कामाची, त्याखेरीज दुसऱ्या कामाला वीज वापरणे २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये बसते. आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर कधीपासून ते ठरत नसेल तर बारा महिन्यांची. जागेचे म्हणाल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेत शेतातल्या इमारतीची व्याख्या आहे: औजारे, चारा, माल ठेवणे, गुरे बांधणे, घरच्यांनी किंवा गड्यांनी राहणे, आणि कसणुकीचा अविभाज्य भाग असलेले दुसरे काम. स्वतःची तिफण दुरुस्त करणे यात बसते, असे आम्ही मानतो. शेजाऱ्याची तिफण पैसे घेऊन दुरुस्त केली की अकृषिक वापराचा मुद्दा निघू शकतो. तोट्याची शेती करायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याच भिंतींत चार पैसे मिळवायला निघालात की लागते.

गावच्या शेती औजारांची दुरुस्ती, मग ती कोणाच्याही गोठ्यात होवो, शेतीचेच काम धरावे आणि तिला स्वस्त दराची वेगळी जोडणी द्यावी, असा ठराव आम्ही जिल्हा बैठकीत मांडत आहोत. ज्यांनी गोठ्यात असे काम सुरू केले आहे त्यांनी सात-बारा, वीजबिल आणि वर्षभराचा जमाखर्च घेऊन यावे. नोटीस आली असेल तर तीही आणावी.