वाडीचा राजवाडा आणि आपण पेडणेकर

गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय चालू आहे. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून एखादा राजवाडा आणि त्याची बाग बघायला जायचं, एवढ्यावर एकमत आहे. कुठला राजवाडा, यावर मात्र नाही. मुलांना म्हैसूर हवं. पुतण्याने मोबाईलवर सगळा बेत आखून ठेवला आहे. दोन रात्री, राजवाडा, वृंदावन बाग, संध्याकाळी कारंजी. माझी त्र्याऐंशी वर्षांची आते कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "माका तुमचा म्हैसूर नाका. वाडीचो राजवाडो एकदा भितरसून दाखया."

वाडी म्हणजे सावंतवाडी, हे पेडण्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. पोरं हसली. वाडी काय, उठून जाऊन जेवायच्या वेळेला परत येता येतं, तिथे सुट्टी कसली घालवायची? पण मी आतेच्या बाजूचा आहे, आणि का आहे ते जरा सविस्तर सांगावं म्हणून हे लिहितो आहे.

आतेची आई, म्हणजे माझी आजी, बांद्याकडची. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यानंतर हद्द बंद झाली. माहेर चालत जाण्याच्या अंतरावर, पण आजी १९६१ पर्यंत तिकडे फिरकू शकली नाही. मुक्तीनंतर वाट मोकळी झाली आणि आतेच्या लग्नाचा बस्ता वाडीलाच झाला. तेव्हा तिने मोती तळ्याच्या काठावरून राजवाडा पाहिला. पुढे बाजाराला, डॉक्टरकडे, लग्नांना, नातवंडांसाठी लाकडी खेळणी घ्यायला ती किती वेळा वाडीला गेली असेल याचा हिशोब नाही. दर वेळी तळ्याच्या काठाने गेली आणि आली. आत जायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तो दरवाजा राजांचा, आपला नव्हे. ही फक्त आतेची गोष्ट नाही. पेडणे, डिचोलीतल्या निम्म्या घरांत चौकशी केलीत तर हेच उत्तर मिळेल.

आता जरा इतिहास. गोव्यात कुठल्याही समारंभाला गेलात की व्यासपीठावरून "साडेचारशे वर्षांची गुलामगिरी" ऐकायला मिळते. तिसवाडी, बार्देश, सासष्टीच्या माणसाने ते म्हणावं, त्याचा तो हिशोब बरोबर आहे. पण पेडणे, डिचोली, सत्तरीचा हिशोब निराळा आहे. आमचे हे महाल वाडीच्या सावंत भोसल्यांच्या राज्यात होते. अधूनमधून ते हातातून गेले आणि परतही आले. हळर्ण्याचा किल्लाच बघा. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो जिंकला, आणि जिंकणाऱ्या व्हाइसरॉयला त्याच्या राजाने हळर्ण्याचा मार्क्विस करून टाकलं. आमच्या शापोरा नदीकाठच्या एका खेड्याचं नाव लिस्बनच्या दरबारात मिरवलं गेलं! तरी कायमचा ताबा त्यांना मिळाला तो १७८१ च्या सुमारास डिचोलीचा आणि १७८८ साली पेडण्याचा. म्हणजे पेडण्याची गुलामगिरी १७३ वर्षांची. त्याआधी आमची राजधानी पणजी नव्हती, जुनं गोवंही नव्हतं. ती सुंदरवाडी होती, आजची सावंतवाडी.

हे १७८८ चं प्रकरण मला नेहमी अस्वस्थ करतं. तेव्हा वाडीच्या गादीवर तिसरे खेम सावंत होते. त्यांची राणी लक्ष्मीबाई ही महादजी शिंद्यांची पुतणी. त्या नात्याच्या जोरावर दिल्लीच्या बादशहाकडून 'राजे बहादूर' हा किताब आला, आणि कोल्हापूरकरांना तो खुपला. कोल्हापूरच्या फौजा वाडीवर चालून आल्या. संकटात सापडलेल्या खेम सावंतांनी पोर्तुगीजांची मदत घेतली आणि त्या मदतीची किंमत म्हणून पेडणे देऊन टाकलं. पेडण्याच्या माणसाला कुणी विचारलं? कुणीही नाही. दोन राजांच्या मानापमानात आमचा महाल सुट्या पैशासारखा या हातातून त्या हातात गेला.

आणि आज आपण मोती तळ्याच्या पलीकडे जो राजवाडा बघतो तो याच तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत उभा राहिलेला आहे. ज्याने आपल्याला दिलं त्याचं घर! मला वाटतं, वाडीला जायचं ते यासाठी. भोसल्यांच्या नावाने गळा काढायला नको आणि राग धरायलाही नको. रागाला आता अर्थही नाही. पण आपल्या तालुक्याचं नशीब जिथून फिरलं ती जागा तासाभराच्या अंतरावर असावी, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण तिच्यासमोरून भाजीच्या पिशव्या घेऊन जावं, हे काही बरं नाही. मुलांना म्हैसूरला वडियारांची वंशावळ ऐकवणार आणि खेम सावंत कोण ते ठाऊक नाही, अशी गत.

म्हैसूरची मला अढी नाही. पण माहिती म्हणून सांगतो, जुना वाडा १८९७ च्या आगीत गेल्यावर बांधायला घेतलेला तिथला आजचा राजवाडा १९१२ साली पुरा झाला. वाडीचा त्याच्यापेक्षा शंभराहून अधिक वर्षांनी जुना. आणि ती वृंदावन बाग राजवाड्याची नव्हेच, ती कावेरीवरच्या धरणाची बाग. राजवाड्यापासून गाडी करून जावं लागतं.

"पण वाडीला बाग कुठे आहे?" हा पुतण्याचा हुकमी एक्का. खरं आहे, कारंज्यांची, कातरलेल्या झुडपांची बाग हवी असेल तर वाडीला निराशा होईल. तशी बाग आमच्याकडे फिरंग्यांबरोबर आली. पणजीची गार्सिया द ओर्ताची बाग बघा. आमची स्वतःची बाग म्हणजे कुळागर. वर माड आणि पोफळी, पोफळीवर मिरवेल, खाली केळी, मध्ये पाट. देवाला फूल, घराला नारळ आणि उरलेलं बाजाराला. नुसतं बघण्यासाठी झाडं लावायची ही कल्पनाच आमच्या आजीला पटली नसती. वाडीच्या राजवाड्याच्या आवारात जुनी झाडं आहेत, सावली आहे, मागे नरेंद्राचा डोंगर आणि समोर १८७४ सालचं मोती तळं. हीच त्याची बाग समजा. संध्याकाळी दिवे लागले की तळ्याच्या काठाने चालत एक फेरी मारावी, मग बोलावं.

तर आमचा बेत असा ठरत आला आहे. डिचोलीहून बहीण दोडामार्गावरून येईल. आम्ही पेडण्याहून सकाळी निघून आधी हळर्ण्याच्या किल्ल्यावर थोडं थांबू. मग महामार्गावर येऊन पत्रादेवीला हुतात्म्यांच्या स्मारकापाशी उतरायचं, हे आतेने स्वतः सांगितलं आहे. पुढे बांदा. हे सोहिरोबांचं गाव. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे म्हणून मुलांना ते ऐकून माहीत, पण ते १७१४ साली बांद्यात जन्मले आणि वाडीच्या राज्यात कुलकर्णी होते हे माहीत नाही. वाडीहून राजाचं बोलावणं आलं म्हणून निघाले आणि वाटेत इन्सुलीच्या रानात फणस खाताना गैबीनाथ भेटले, अशी कथा सांगतात. मग कुलकर्णीपण सुटलं ते सुटलंच. आज तिथून गाड्या सुसाट जातात. आपण जरा हळू जाऊ, एवढंच.

राजवाड्यात दरबार हॉल आहे, सिंहासन आहे, जुन्या वस्तू मांडलेल्या आहेत. जांभ्या दगडाची ती इमारत म्हैसूरसारखी डोळे दिपवत नाही. मोठ्या जमीनदाराचं प्रशस्त घर वाटावं अशी आहे. पण खरा वेळ द्यायचा तो गंजिफा रंगवणाऱ्या कारागिरांपाशी. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, म्हणून १२० पाने. राजा, प्रधान आणि एक ते दहा. ही कला जवळजवळ संपलीच होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी एका म्हाताऱ्या चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि वाड्यातच काम सुरू केलं. शिवरामराजे १९९५ साली गेले, सत्त्वशीलादेवी २०१८ साली. काम चालू आहे, आणि आता या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पेडण्याच्या माणसाला दशावतार परका नाही. जत्रेत रात्र रात्र जागून आपण तो बघतो. तोच मत्स्य, तोच नरसिंह तळहाताएवढ्या पानावर रंगवलेला बघताना आतेचा चेहरा कसा होतो, ते मला बघायचं आहे.

(आमच्या पेडण्यातही देशप्रभूंचा मोठा वाडा आहेच. पोर्तुगालच्या राजाने त्या घराण्याला व्हिस्कोंद ही पदवी दिली होती. पण ते राहतं घर. कुणाच्या राहत्या घरात सहलीला जात नाहीत.)

एक सूचना, कुणी जाणार असेल तर. राजवाडा उघडा असण्याच्या वेळा आणि सुट्टीचा वार आधी फोन करून विचारून घ्या. तिथेही माणसं राहतात, आवारात पाहुण्यांसाठी खोल्याही आहेत, त्यामुळे सगळीकडे हिंडता येत नाही. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर सकाळीच जा.

पुतण्या अजून पुरता वळलेला नाही. वाडी आणि म्हैसूर दोन्ही करू, अशा तडजोडीवर आला आहे. आतेने मात्र कपाटातून जुनी इरकल काढून उन्हात टाकली, आणि मला हळूच विचारलं, "तिकीट काडून गेलो तर दरवाज्यार कोण अडयना मरे?"