आकड्यातला माणूस : 'फ्रीडम क्राय' दुसऱ्यांदा खेळताना

सिनेमाकडे कसे पाहायचे हे आपण शिकलो. पडद्यावर कोण दिसतो, कोणाच्या नजरेतून दिसतो, कोणाला संवाद मिळतो आणि कोण नुसता मागे उभा राहतो, हे प्रश्न आज कोणताही आंबेडकरी तरुण सहज विचारतो. पण व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्या बैठकांत एकच वाक्य ऐकू येते : 'वेळ वाया घालवू नका, पुस्तक वाचा.' पुस्तक वाचलेच पाहिजे. पण आपली पोरे रोज तासन्‌तास जो गेम खेळतात, त्याची चिकित्सा कोण करणार? सिनेमात आपण पाहणारे असतो. गेममध्ये करणारे असतो. म्हणून गेमला प्रश्न विचारण्याची गरज जास्तच आहे.

माझ्या आवडत्या गेमविषयी लिहितो. 'असॅसिन्स क्रीड : फ्रीडम क्राय'. २०१३ च्या डिसेंबरात युबीसॉफ्टने तो 'ब्लॅक फ्लॅग' या मोठ्या गेमची पुरवणी म्हणून आणला आणि २०१४ मध्ये स्वतंत्रपणे विकला. नुकताच तो दुसऱ्यांदा पूर्ण खेळलो. पहिल्या खेपेला गोष्ट आपल्याला ओढत नेते. पुढे काय होणार याचीच घाई असते. दुसऱ्या खेपेला शेवट माहीत असतो, हात सरावलेले असतात आणि डोळे मोकळे होतात. मग गेम कसा बांधला आहे ते दिसू लागते.

नायक अ‍ॅडेवाले. जन्माने गुलाम, त्रिनिदादच्या मळ्यातला. पुढे समुद्री लुटारूंच्या जहाजावर कारभारी झालेला. १७३५ साली वादळात जहाज फुटून तो सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीच्या किनाऱ्याला लागतो. आजचा हैती देश तो हाच. तिथे पोर्ट-ओ-प्रिन्स शहरात गुलामांचा बाजार भरलेला आहे. (इतिहासात हे शहर वसले १७४९ मध्ये. गेमवाल्यांनी त्याला चौदा वर्षे आधीच उभे केले आहे.) अ‍ॅडेवालेच्या हातात कोयता आणि बंदूक येते. तो गुलामांना सोडवू लागतो.

गोऱ्या नायकांनी भरलेल्या गेमच्या दुनियेत एक काळा माणूस, पूर्वीचा गुलाम, मुकादमाच्या हातातला चाबूक थांबवतो, हे छोटे काम नाही. हा गेम मला आवडतो तो त्यासाठीच आणि दुसऱ्या खेळानंतरही आवडतो. पण आवडत्या गोष्टीलाच कठोर प्रश्न विचारावेत, ही आपली परंपरा आहे.

पहिला प्रश्न आकड्याचा. रस्त्यावर कोणी पळणाऱ्या गुलामाचा पाठलाग करतोय, कुठे लिलाव चाललाय, कुठे पिंजऱ्यात माणसे कोंडलीत. तुम्ही त्यांना सोडवता आणि मुक्त केलेल्यांचा आकडा वाढतो. ठरावीक आकडा गाठला की चांगला कोयता, चांगली बंदूक, जास्त दारूगोळा ठेवायची पिशवी खुली होते. सुटलेला माणूस आभार मानतो आणि पळून जातो. त्याचे नाव कळत नाही, गाव कळत नाही. बाजारात त्याची किंमत पैशात होत होती. आता ती नायकाच्या हत्यारात होते. माणूस मोजण्याची सवय मात्र तशीच राहिली.

यावर कोणी म्हणेल, गेममध्ये बक्षीस नसेल तर खेळणार कोण? बरोबर आहे. पण दुसऱ्यांदा खेळताना याच उत्तरातून खरी परीक्षा सुरू होते. सगळी हत्यारे मिळाल्यावर आकड्याला किंमत उरत नाही. तरीही रस्त्याच्या कोपऱ्यावर कोणीतरी फटके खात असतोच. आता थांबायचे की पुढच्या मिशनकडे धावायचे? गेम तुम्हाला विचारत नाही, शिक्षाही करत नाही. काही मिळणार नसताना तुम्ही थांबता का, एवढाच प्रश्न उरतो. चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा. फोटो निघणार नाही, पद मिळणार नाही, पोस्टला लाइक येणार नाहीत, तेव्हा आपण कोणाच्या दारात जातो?

दुसरा प्रश्न मळ्यांचा. उसाच्या मळ्यात तुम्ही लपूनछपून शिरलात तर माणसे सुटतात. पण मुकादमाने तुम्हाला पाहिले आणि धोक्याची घंटा वाजली की ते तुमच्या मागे तर लागतातच, शिवाय गुलामांना मारू लागतात. नायकाच्या चुकीची किंमत नायक देत नाही, मळ्यातली माणसे देतात. गुलामवाहू जहाजाचेही तसेच. सोबतची लढाऊ जहाजे बुडवायची, पण तुमचा तोफगोळा चुकून त्या जहाजाला लागला तर तळघरात बांधलेलेच मरतात. हा नियम मला या गेममधली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. गावात एखादे प्रकरण घडते, शहरातून पुढारी येतात, जळजळीत भाषण करतात आणि संध्याकाळी गाडीत बसून परत जातात. त्या रात्री गावात राहायचे असते ते पीडित कुटुंबाला. त्याच्या संरक्षणाची, साक्षीदारांची, कोर्टातल्या तारखांची व्यवस्था न लावता वाजवलेली घंटा कोणाच्या अंगावर येते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. कथेच्या उत्तरार्धात गुलामांनी भरलेले एक जहाज बुडू लागते. अ‍ॅडेवाले आत शिरतो. पहिल्यांदा खेळताना वाटते, हात जरा जलद चालवला तर सगळे वाचतील. दुसऱ्यांदा आपल्याला माहीत असते की तसे होणार नाही. कितीही चपळ खेळा, बहुतेक माणसे साखळदंडासकट बुडणारच. एकट्या शूराच्या ताकदीची हद्द गेमच दाखवून देतो. शहरातही तेच. तुम्ही एक लिलाव उधळता, थोड्या वेळाने पुन्हा कुठेतरी माणसे विकायला उभी दिसतात. व्यवस्था शाबूत असेल तर ती रिकाम्या जागा भरून काढते.

मग साखळी तुटली कशी? त्याचे उत्तर गेममध्ये नाही, हैतीच्या इतिहासात आहे. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्या वसाहतीच्या उत्तर भागातल्या मळ्यांत गुलामांनी एकत्र उठाव केला. आधी गुप्त बैठका झाल्या होत्या, मळ्यामळ्यांत निरोप गेले होते. तूसाँ लूव्हर्तूर, देसालिन यांच्यासारखे सेनानी त्या लढ्यातून घडले. नेपोलियनने पाठवलेल्या फौजेलाही त्यांनी हरवले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. बाहेरून आलेल्या तारणहाराने नव्हे, गुलामांनी स्वतःच स्वतःला सोडवले. फ्रान्सने त्याचा सूड कसा घेतला तेही लक्षात ठेवा. १८२५ मध्ये मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँकची भरपाई त्याने हैतीवर लादली. पुढे ती ९ कोटींवर आली, तरी त्यापायी झालेल्या कर्जाचे ओझे १९४७ पर्यंत फेडावे लागले. गुलामांनीच मालकांना स्वतःच्या सुटकेची किंमत चुकवली.

या इतिहासाशी आपले नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहिले. गुलामगिरी आणि अस्पृश्यता एकच नव्हेत, त्यांतला फरकही बाबासाहेबांनी नेमका मांडला आहे. पण आपल्या पोरांना लिंकन माहीत असतो आणि तूसाँ माहीत नसतो. ज्याने मुक्ती 'दिली' त्याचे नाव पाठ्यपुस्तकात येते, ज्यांनी ती मिळवली त्यांचे येत नाही. गेमचाही दोष हाच. पळून जाऊन डोंगरात मुक्त वस्त्या करून राहणारे 'मॅरून' त्यात आहेत. अधिकाऱ्यांच्या बातम्या काढून त्यांना पोचवणारी बास्तिएन आहे. ती तर अ‍ॅडेवालेच्या घाईकडे सुरुवातीपासून संशयाने पाहते. लढा खरा यांचा आहे. पण कंट्रोलर हातात येतो तो फक्त नायकाचा.

म्हणून माझे म्हणणे असे आहे : गेम खेळा. आवडला तर दुसऱ्यांदा खेळा आणि या खेपेला नायकाऐवजी मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहा. ज्या गोष्टीत एकच जण सोडवतो आणि बाकीचे आभार मानतात, ती गोष्ट कितीही सुंदर असली तरी मुक्तीची नाही, उपकाराची आहे. बाबासाहेबांनी आपल्याला आभार मानणारा समाज बनवले नाही. त्यांनी शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा असे सांगितले. ही तिन्ही क्रियापदे अनेकवचनी आहेत.

आपल्यातली काही मुले आज कोडिंग शिकताहेत, ग्राफिक्स शिकताहेत. महाडच्या चवदार तळ्याकडे निघालेल्या हजारो माणसांचा गेम उद्या त्यांनी बनवावा. त्यात कंट्रोलर दर खेपेला वेगळ्या माणसाच्या हाती यावा आणि त्या प्रत्येक माणसाला नाव असावे.

जय भीम!