विश्लेषण : पत्ता म्हणजे ओळख नव्हे! स्टॅटिक आयपीविना क्लाउड सर्व्हरचे दार कसे राखायचे?

सनदी लेखापालाच्या कार्यालयातील टॅली, दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी, पतसंस्थेची खाती हे सारे आता टेबलाखालच्या संगणकाऐवजी भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर असते. ‘सर्व्हरवर फक्त आपल्याच आयपी पत्त्यावरून प्रवेश द्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. पण घरच्या ब्रॉडबँडचा किंवा मोबाइलचा पत्ता आज एक, उद्या दुसरा असतो. चार वेळा प्रवेश अडला की कंटाळून दार साऱ्या जगासाठी उघडे ठेवले जाते. यावरचे उत्तर कायमचा पत्ता विकत घेणे हे नाही. पत्त्यालाच ओळख मानणे थांबवणे, हे आहे.

पत्ता सारखा बदलतो का?

आयपीव्ही४ या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्तेच असू शकतात. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे वाटले गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वसाधारण साठाही संपला. त्यामुळे इंटरनेट कंपन्या आहेत तेच पत्ते ग्राहकांमध्ये फिरवत राहतात. मोबाइल इंटरनेटवर आणि अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर तर शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. या व्यवस्थेला ‘सीजीनॅट’ म्हणतात. चाळीचा पत्ता एकच, खोल्या अनेक, असा हा प्रकार. हे पत्ते किती दुर्मीळ झाले आहेत, याचा एक पुरावा म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउडने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी तासाला ०.००५ डॉलर आकारायला सुरुवात केली. आयपीव्ही६मध्ये पत्त्यांचा तुटवडा नाही. पण तेही ग्राहकाकडे कायम राहतील याची हमी नसते.

दार सगळ्यांना उघडे ठेवले तर बिघडते काय?

क्लाउडच्या फायरवॉलमध्ये ‘०.०.०.०/०’ असे लिहिले की त्याचा अर्थ ‘जगातील कोणीही’ असा होतो. ‘आमच्यासारख्या लहान फर्मकडे कोण बघतो?’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. पण हल्लेखोर फर्म शोधत नाहीत, उघडी दारे शोधतात. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये ‘झेडमॅप’ हे साधन आणले. एका संगणकावरून संपूर्ण आयपीव्ही४ इंटरनेट ४५ मिनिटांच्या आत तपासता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आज असे शोध रात्रंदिवस चालतात. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे राहिलेले मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पुसले गेले आणि त्यांच्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. विंडोज सर्व्हरवरील टॅली वापरण्यासाठी जे ‘रिमोट डेस्कटॉप’ उघडे ठेवले जाते, तेही खंडणीखोरांचे जुने प्रवेशद्वार आहे.

पोर्ट बदलला, पासवर्ड लांब ठेवला तर?

पोर्टचा क्रमांक बदलल्याने नोंदवहीतील गोंगाट कमी होतो, धोका नाही. लांब पासवर्ड किंवा त्याहून चांगली एसएसएच चावी ही आवश्यकच. पण चावी कितीही भक्कम असली तरी कुलपातच दोष निघाला तर ती कामाची नाही. मे २०१९ मध्ये उघड झालेली ‘ब्लूकीप’ ही त्रुटी रिमोट डेस्कटॉपमध्ये होती आणि तिच्यासाठी पासवर्डची गरजच नव्हती. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड युटिल्स’ या लिनक्सवरील साधनात पेरलेले चोरदार सापडले. त्याचा रोख एसएसएचवर होता. प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले म्हणून ते मुख्यत: चाचणी आवृत्त्यांपर्यंतच पोहोचले. कुलूप रस्त्यावर असेल तर कुलपाच्या प्रत्येक दोषाची किंमत मोजावी लागते. आतल्या दाराला असेल तर दुरुस्तीला उसंत मिळते.

मग स्टॅटिक आयपी विकतच का घेऊ नये?

एकाच कार्यालयातून सर्व काम होत असेल तर तो उपयोगी आहे. पण घरून विवरणपत्रे भरणारी सहकारी, गावाकडून काम पाहणारा भागीदार आणि प्रवासात मोबाइलवरून सर्व्हर तपासणारा तंत्रज्ञ यांचे काय? शिवाय कार्यालयाच्या त्या एका पत्त्यामागे विषाणूने पछाडलेला संगणक असेल तर त्यालाही दार उघडे. काही जण यावर तोडगा म्हणून इंटरनेट कंपनीच्या पत्त्यांचा अख्खा पट्टाच मान्य करतात. म्हणजे त्या कंपनीच्या असंख्य ग्राहकांना आत येऊ देतात. डायनॅमिक डीएनएस किंवा पत्ता बदलला की फायरवॉलचा नियम आपोआप बदलणारी स्क्रिप्ट हा त्यातल्या त्यात बरा उपाय. पण जुना नियम काढला गेला नाही, तर आपला कालचा पत्ता ज्याला मिळाला त्यालाही प्रवेश मिळतो. सीजीनॅटमागे तर नियम अचूक असला तरी चाळीतले सगळे शेजारी आत येऊ शकतात.

योग्य मार्ग कोणता?

आधी ओळख पटवा, मग दार दाखवा. त्यासाठी तीन मार्ग आज लहान व्यवसायाच्याही आवाक्यात आहेत. पहिला, ‘वायरगार्ड’ हे मुक्त व्हीपीएन. मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्याचाच भाग आहे. त्यात प्रत्येक उपकरणाची स्वतंत्र चावी असते. वापरणाऱ्याचा पत्ता मध्येच बदलला तरी जोडणी टिकते, कारण ती पत्त्याशी नव्हे तर चावीशी बांधलेली असते. त्याचे एक पोर्ट जगासाठी उघडे असते खरे. पण अनोळखी माणसाने ठोठावले तर ते उत्तरच देत नाही. दुसरा मार्ग ‘टेलस्केल’ किंवा ‘क्लाउडफ्लेअर टनेल’ यांसारख्या सेवांचा. यात सर्व्हर स्वत:च बाहेर जोडणी करतो, त्यामुळे बाहेरून आत येणारे पोर्ट उघडण्याची गरज सहसा उरत नाही. तिसरा मार्ग क्लाउड कंपन्यांच्या स्वत:च्या दाराचा : अॅमेझॉनचा ‘सेशन मॅनेजर’, गुगलची ‘आयडेंटिटी-अवेअर प्रॉक्सी’, मायक्रोसॉफ्टचे ‘बॅस्टियन’. यांत आधी खात्याची ओळख तपासली जाते, त्यावर दुहेरी पडताळणी लावता येते, आणि मगच सर्व्हर दिसतो.

ही कल्पना नवी नाही. २००९ मधील ‘ऑपरेशन अरोरा’ हल्ल्यानंतर गुगलने ‘आतले नेटवर्क म्हणजे विश्वासू’ हे गृहीतकच सोडले आणि २०१४ मध्ये ‘बियाँडकॉर्प’ या नावाने आपली पद्धत जाहीर केली. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये ‘झिरो ट्रस्ट’ची मार्गदर्शिका काढली. तिचाही गाभा हाच : माणूस कुठून आला यावर विश्वास ठेवू नका, तो कोण आहे ते प्रत्येक वेळी तपासा.

यात धोके नाहीत का?

आहेत. लॅपटॉप हरवला तर चावीही जाते. बाहेरच्या सेवेवर विसंबल्यास तिचे खाते हाच नवा दरवाजा ठरतो. म्हणून त्यावर दुहेरी पडताळणी हवीच. जुने दार बंद करण्याआधी नवे दार चालते का हे तपासावे आणि क्लाउडच्या कन्सोलमधून आत जाण्याची वाट शाबूत ठेवावी, नाही तर मालकच बाहेर राहायचा. पण एक मोठा फरक आहे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची चावी एका मिनिटात रद्द करता येते. त्याच्या घरचा पत्ता यादीत आहे की नाही, हे वर्षभराने कोणाला आठवते?

जबाबदारी कोणाची?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. ज्या सर्व्हरवर कोण कुठून आले हेच ठाऊक नाही, तो चालवणारा काय कळवणार? मात्र सगळा भार लहान व्यावसायिकावर टाकणे अन्यायाचे ठरेल. गुगल क्लाउडच्या ‘डिफॉल्ट’ नेटवर्कमध्ये एसएसएच आणि रिमोट डेस्कटॉपसाठी जगभरातून प्रवेश देणारे नियम आधीच तयार असतात; इतरत्रही ‘कुठूनही’ हा पर्याय एका क्लिकवर मिळतो. मूळ स्थितीत दार बंद आणि उघडायला कष्ट, अशी उलट रचना कंपन्यांनी करायला हवी. क्लाउडवर सर्व्हर उभा करून देणाऱ्या स्थानिक व्यावसायिकांनीही ‘चालू करून दिले’ एवढ्यावर बिल लावू नये.

मालकाला यातले तंत्र कळण्याची गरज नाही. त्याने आपल्या तंत्रज्ञाला एवढेच विचारावे : आमच्या सर्व्हरची कोणती पोर्ट साऱ्या जगाला उघडी आहेत, आणि का? ‘का’चे उत्तर ‘आपला आयपी बदलतो म्हणून’ असे आले, तर सर्व्हरचे दार आजच बदलायला घ्यावे.