हजार किलोंचा सदरा

मोटार घेतल्यापासून मी कोथरूडहून डेक्कनला एकटाच जातो. एकटा म्हणजे मी, चार रिकाम्या जागा आणि हजार किलो लोखंड! सत्तर किलोंचा देह हलवायला एवढा सरंजाम म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणायला बैलगाडी जुंपण्यातला प्रकार. पेट्रोल जळतं ते लोखंडासाठी. मी आपला वरकड. वर रस्ता तुंबला की शिव्या सरकारला!

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर. वडील तीस वर्षं सायकलवरून कचेरीत गेले. त्यांच्या पोटऱ्या दगडासारख्या होत्या. माझं पोट कणकेसारखं आहे.

2022 साली वनाजहून मेट्रो सुरू झाली, 2023 मध्ये ती डेक्कन ओलांडून पुढं गेली. मी म्हटलं, "स्टेशनपर्यंत चालणार कोण?" मोटार लावायला जागा मिळते ती कचेरीपासून पाऊण मैलावर. तेवढं मात्र रोज चालतो!

परवा शेजारचे काका बसथांब्यावर भिजत उभे होते. मी बंद काचेआडून हात हलवला. त्यांनीही हलवला. त्या रात्री काही झोप लागली नाही.

आता आम्ही दोघं मेट्रोनं जातो. पावसात मोटार काढलीच, तर पेट्रोल निम्मं-निम्मं. काकांचे सल्ले मात्र फुकट. तुमच्याही गाडीत चार जागा रिकाम्या असतील. लोकहो, निदान काच तरी खाली करा!